गोड बोलून भागणार नाही

प्रचाराचे भोंगे काल थांबले. रिक्षांवरचे कर्णे उतरले, चौकाचौकांतली गाणी बंद झाली. उद्या, १५ जानेवारी २०२६ ला, छत्रपती संभाजीनगर महापालिकेसाठी मतदान आहे. मागची निवडणूक झाली ती एप्रिल २०१५ मध्ये. मधला आजचा दिवस संक्रांतीचा, आणि मराठवाड्यात तो नामविस्तार दिनही आहे. विद्यापीठाच्या प्रवेशद्वारापाशी सकाळपासून गर्दी असते, निळे झेंडे असतात, पुस्तकांचे स्टॉल लागतात. १९९४ साली याच तारखेला 'मराठवाडा विद्यापीठा'चं 'डॉ. बाबासाहेब आंबेडकर मराठवाडा विद्यापीठ' झालं. एकीकडे हातावर तिळगूळ ठेवून गोड बोलायला सांगायचं, दुसरीकडे ज्या प्रश्नावर हा प्रदेश सोळा वर्षं कडू बोलला त्याच्या शेवटाची आठवण काढायची आणि रात्री जेवताना 'मग उद्या कोणाला?' हे ठरवायचं, असा हा दिवस आहे.

प्रचार कायद्याने थांबतो, बोलणं थांबत नाही. मत घडतं ते बहुतेक वेळा या बोलण्यातच. १९४० च्या अमेरिकी अध्यक्षीय निवडणुकीत पॉल लाझार्सफेल्ड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ओहायो राज्यातल्या इरी काउंटीतल्या मतदारांचा मे ते नोव्हेंबर माग काढला. रेडिओ आणि वर्तमानपत्रं लोकांची मनं कशी फिरवतात, हे त्यांना पाहायचं होतं. हाती आलं ते निराळंच. लोक रेडिओपेक्षा शेजाऱ्याचं, घरातल्याचं, कामावरच्या सोबत्याचं जास्त ऐकत होते. गुलमंडीवर उभ्याउभ्या चहा पिणाऱ्याला यात नवल वाटणार नाही. नेत्याच्या सभेत माणूस टाळ्या वाजवतो, पण ते भाषण पटलं की नाही हे तो घरी येताना मोटरसायकलवर मागे बसलेल्या मित्राशी बोलून ठरवतो.

विश्वासाच्या माणसाचं ऐकणं ही वाईट गोष्ट नाही. समाज त्यावरच चालतो. अडचण अशी की खोटंही याच वाटेने येतं, आणि येताना ते विश्वासाच्या माणसाचा चेहरा लावून येतं. अनोळखी माणसाने सांगितलं असतं तर आपण चार प्रश्न विचारले असते. मावशीने, साडूने किंवा सोसायटीच्या चेअरमनने पाठवलं की प्रश्न विचारणं हा त्यांचा अपमान होतो. असा निरोप नीट वाचून पाहा. सुरुवातीला 'आत्ताच पोलिसातल्या मित्राचा फोन आला होता'. मग घटना, जिच्यात वस्तीचं नाव असतं पण वेळ नसते. मग 'मुलाबाळांना सांभाळा'. शेवटी 'मीडिया हे दाखवणार नाही, जास्तीत जास्त शेअर करा'. यातलं शेवटचं वाक्य सगळ्यांत तयारीचं आहे. बातमी कुठेच आली नाही म्हणून जी शंका यायला हवी, तिलाच ते पुरावा बनवून टाकतं. पेपरात नाही ना? मग नक्कीच खरं!

या सगळ्याचं खापर मोबाईलवर फोडायची आपल्याला सवय लागली आहे. ती सोयीची आहे, पण पुरती खरी नाही. २१ सप्टेंबर १९९५ ला गणपती दूध प्यायला लागल्याची वार्ता एका दिवसात देशभर पोचली तेव्हा कोणाच्या खिशात व्हॉट्सॲप नव्हतं. ती आवई निरुपद्रवी होती, दुधाची नासाडी सोडली तर. १९७८ ची तशी नव्हती.

२७ जुलै १९७८ ला विधिमंडळाच्या दोन्ही सभागृहांनी विद्यापीठाच्या नामांतराचा ठराव केला आणि मराठवाडा पेटला. विरोध करणाऱ्यांत गोविंदभाई श्रॉफ यांच्यासारखे निजामाविरुद्ध लढलेले नेते होते. 'मराठवाडा' या नावात मुक्तिलढ्याची आणि या प्रदेशाची ओळख आहे, ती पुसू नये, अशी त्यांची भूमिका होती. ती पटो न पटो, ती मांडता येण्यासारखी आणि खोडता येण्यासारखी भूमिका होती. पण शहरातल्या बैठकीत 'अस्मिता' म्हणून निघालेला शब्द तालुक्याच्या हॉटेलात आणि तिथून गावच्या पारावर गेला, तोपर्यंत त्याचा अर्थ पुरता बदलला होता. पारावर विद्यापीठाशी कोणाला देणंघेणं नव्हतं. तिथे प्रश्न उरला तो एवढाच, की गावकीची कामं नाकारणारी, पोरं शाळेत घालणारी, मान वर करून बोलणारी ही माणसं आता कुठवर जाणार? विद्यापीठाची पायरी ज्यांच्या घरातल्या कोणी चढली नव्हती, अशा दलित शेतमजुरांच्या झोपड्या जळाल्या. नांदेड जिल्ह्यातल्या टेंभुर्णीच्या पोचिराम कांबळे यांची हत्या झाली. पुढे नामांतरासाठी १९७९ चा लाँग मार्च झाला, तुरुंगवास झाले, आणि नोव्हेंबर १९९३ मध्ये नांदेडला गौतम वाघमारे यांनी आत्मदहन केलं. अखेर जे नाव ठरलं त्यात बाबासाहेबही आहेत आणि मराठवाडाही. दोन्ही नावं एका पाटीवर बसतात हे कळायला सोळा वर्षं लागावीत, इतकं ते अवघड गणित नव्हतं. त्या सोळा वर्षांत दोन्ही बाजू भरपूर बोलल्या, पण बहुतांशी आपापल्या लोकांशी.

आपल्याच लोकांशी बोलत राहिलं की काय होतं, याचा एक प्रयोग २००५ मध्ये अमेरिकेतल्या कोलोरॅडो राज्यात झाला. कॅस सनस्टीन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दोन शहरांतून साठेक माणसं निवडली. बोल्डर हे उदारमतवादी शहर, तर कोलोरॅडो स्प्रिंग्ज पुराणमतवादी. प्रत्येक शहरातल्यांचे छोटे गट केले आणि हवामानबदलाच्या करारासारख्या वादाच्या विषयांवर त्यांना आपसात चर्चा करायला लावली. चर्चेआधी आणि चर्चेनंतर प्रत्येकाचं मत गुप्तपणे लिहून घेतलं. थोड्याशा वेळात उदारमतवादी अधिक उदारमतवादी झाले आणि पुराणमतवादी अधिक कडवे. गटातले बारीकसारीक मतभेदही पुसले गेले. कोणी खोटं सांगितलं नव्हतं, कोणी भडकवलं नव्हतं. माना डोलावणाऱ्यांची सोबत तेवढी होती.

आता आपल्या शहराकडे पाहा. वस्त्या कधीच वेगळ्या झाल्या आहेत. सिडको-हडकोतल्या माणसाला रोशन गेटच्या आत जायला काम लागतं, आणि किराडपुऱ्यातल्या पोराला सिडकोत भाड्याने खोली मिळणं अवघड. शाळा वेगळ्या, हॉटेलं वेगळी, सकाळी फिरायला जाणाऱ्यांचे घोळकेही बहुधा एकाच रंगाचे. शहराचं नाव कोण काय घेतो यावरून पहिल्या वाक्यातच समोरच्याची रवानगी एका बाजूला होते. केंद्राने शहराच्या नामांतराला फेब्रुवारी २०२३ मध्ये मंजुरी दिली, उच्च न्यायालयाने मे २०२४ मध्ये त्याविरुद्धच्या याचिका फेटाळल्या. कागदावरचा प्रश्न मिटला, पण रिक्षात बसताना माणूस अजूनही समोरच्याचा अंदाज घेऊन शहराचं नाव उच्चारतो. (आणि रिक्षावाला 'कहाँ जाना है?' म्हणून दोघांनाही एकाच दरात नेतो, हे सांगायला हवं.)

अशा शहरात साधी गोष्ट साधी राहत नाही. ११ मे २०१८ च्या रात्री मोतीकारंजा, राजाबाजार, शहागंज, नवाबपुरा हा जुना भाग पेटला. दोघांचे जीव गेले, दुकानं जळाली, इंटरनेट बंद करावं लागलं. त्यामागच्या वादांतला एक होता अनधिकृत नळजोडण्या तोडण्याचा. नळ! उन्हाळ्यात पाण्यासाठी रात्र जागणाऱ्या या शहरात नळाचा वाद समजण्यासारखा आहे. तो महापालिकेच्या दारात, प्रभाग कार्यालयात, फार तर चौकीवर मिटला असता. पण 'नळ तोडला' याचं 'आमचेच तोडले' झालं, 'आमचेच'चं 'त्यांचे का नाही' झालं, आणि एकदा 'ते' आणि 'आम्ही' आले की पाणी बाजूला पडतं. त्याच वर्षी फेब्रुवारीपासून नारेगावकरांनी शहराचा कचरा अडवला होता आणि मार्चमध्ये मिटमिट्यात कचऱ्याच्या गाड्यांवरून दंगल झाली होती. त्या कचऱ्याचा वास सगळ्या जातिधर्मांना सारखाच आला. तरीही त्या वर्षी शहराच्या गप्पांत जास्त काळ टिकलं ते मोतीकारंजाच. कचऱ्याला 'ते' नव्हते, म्हणून तो विषय लवकर संपला.

नंतर मार्च २०२३ मध्ये, रामनवमीच्या आदल्या रात्री, किराडपुऱ्यात राममंदिराजवळ पोलिसांच्या गाड्या जळाल्या. मंदिर सुरक्षित आहे, हे सांगण्यासाठी तेव्हाचे खासदार इम्तियाज जलील यांना तिथे जाऊन व्हिडिओ करावा लागला. मंदिराचं काय झालं हे त्या रात्री त्याच रस्त्यावरून चालत जाऊन पाहता येत होतं. चालत जाण्याआधी फोन उघडला जातो, आणि फोनवर आपल्याच बाजूचा माणूस असतो.

अफवेचा दुसरा जन्म पहिल्यापेक्षाही वाईट असतो. १ जुलै २०१८ ला धुळे जिल्ह्यातल्या राईनपाड्यात नाथपंथी डवरी गोसावी समाजाच्या पाच भिक्षेकऱ्यांना मुलं पळवणारे समजून ग्रामपंचायतीच्या कार्यालयात ठेचून मारण्यात आलं. मंगळवेढ्याकडून पोटासाठी आलेली ती माणसं होती. त्या महिन्यात देशभर असे जीव गेले, आणि तेव्हाच व्हॉट्सॲपने भारतात एका वेळी पाच ठिकाणांपलीकडे निरोप पुढे पाठवण्याला अटकाव केला. एप्रिल २०२० मध्ये पालघरच्या गडचिंचल्यात दोन साधू आणि त्यांच्या चालकाला जमावाने मारलं. त्यामागेही चोर आणि मुलं पळवणारे यांच्या अफवाच होत्या. मात्र ती हत्या फोनांवर पोचली तेव्हा मारणाऱ्यांना एक धर्म चिकटला होता. तेव्हाचे गृहमंत्री अनिल देशमुख यांना अटक झालेल्या १०१ जणांची यादी जाहीर करून त्यात एकही मुस्लिम नाही, हे सांगावं लागलं. एका अफवेने तीन जीव घेतले, त्या मरणावर दुसरी अफवा जगली.

१७ मार्च २०२५ ची नागपूरची दंगल तर थेट आपल्या जिल्ह्याच्या नावावर झाली. औरंगजेबाची कबर खुलताबादेत आहे, इथून पंचवीसेक किलोमीटरवर. १७०७ पासून ती तिथे उघड्या आभाळाखाली आहे आणि खुलताबादची माणसं तिच्या शेजारी रोज दुकानं उघडतात, शेतावर जातात. कबर हटवण्याच्या मागणीसाठी आंदोलन झालं नागपुरात, जाळलेल्या चादरीवर धर्मवचनं होती ही अफवा उठली नागपुरात, आणि माणूस मेला तोही नागपुरात. त्या दिवसांत खुलताबादेत बंदोबस्त वाढला आणि कबरीभोवती पत्रे उभे राहिले. जिथे वस्तू डोळ्यांसमोर आहे तिथे माणसं शांत होती. जिथे ती फक्त बोलण्यात होती तिथे पेट घेतला.

हे फक्त धर्माचं नाही. गेल्या दोन-अडीच वर्षांत आरक्षणाच्या वादाने मराठवाड्यातली कितीतरी गावं मराठा आणि ओबीसी अशी दुभंगली. एकमेकांच्या दुकानातून माल न घेण्याच्या शपथा घेतल्या गेल्या. २०२५ मध्ये बीडच्या पोलीस अधीक्षकांना पोलिसांच्या छातीवरच्या पाटीवरून आडनाव काढून फक्त पहिलं नाव ठेवायला लावावं लागलं. खात्याने घेतलेला तो शहाणपणाचा निर्णय होता. पण पोलिसाचं आडनाव वाचून त्याची बाजू ठरवणारा समाज त्या निर्णयामागे उभा आहे.

यावर घरोघर एक उपाय निघाला आहे : 'ग्रुपवर राजकारण नको.' वरवर समंजस वाटणारा हा नियम प्रत्यक्षात एकतर्फी चालतो. 'आपल्या धर्मावर संकट' हे राजकारण समजलं जात नाही, त्यामुळे ते रोज सकाळी सुविचारांच्या जोडीने येतं. त्यावर कोणी 'काका, हा व्हिडिओ जुना आहे, आपल्याकडचा नाही' असं लिहिलं की ते मात्र राजकारण ठरतं आणि 'वाद नको' म्हणत चार जण हात जोडतात. काकांचं वय, काकूंची नाराजी, भाचीचं लग्न तोंडावर. खोडणारा गप्प बसतो. त्याचं गप्प बसणं उरलेल्या चाळीस जणांना संमती वाटतं. मौन पाळणारे चांगल्या घरचेच असतात, आणि अफवेला यापेक्षा चांगला आश्रय मिळत नाही.

एक गोष्ट मात्र स्पष्ट सांगायला हवी. सगळं काही भोळेपणातून घडत नाही. पक्षांकडे पैसा आहे, माणसं आहेत, निवडणुकीच्या आधी कुठल्या वस्तीत कोणता व्हिडिओ सोडायचा याचं नियोजन आहे. शत्रुत्व पसरवणाऱ्या आणि अफवा पसरवणाऱ्या मजकुरासाठी भारतीय न्याय संहितेत १९६ आणि ३५३ ही कलमं आहेत. ती बड्यांना लागताना क्वचित दिसतात आणि पोराटोरांना चटकन लागतात. वर्तमानपत्रांनीही आपल्या मथळ्यांकडे पाहावं. 'दोन गटांत राडा' एवढं छापून मोकळं झालं की वाचक गट स्वतःच भरून घेतो. हे सगळं मान्य करूनही उरतं ते असं, की कारखान्यात तयार झालेलं खोटं काकांच्या बोटाशिवाय घरात येऊ शकत नाही. ते वाहून आणणारे आपण आहोत, आणि आपल्याला त्याची मजुरीही मिळत नाही.

मग संक्रांतीला गोड बोलून, ईदला शीरखुर्मा पिऊन काही होतं का? होतं, पण कमी. राजकीय अभ्यासक आशुतोष वार्ष्णेय यांनी २००२ च्या पुस्तकात दंगल होणारी आणि न होणारी भारतीय शहरं जोडीजोडीने तपासली. सणावाराची ये-जा, शेजारधर्म खेड्यात पुरतो. शहरात ताण वाढला की तो तुटतो, असं त्यांना दिसलं. टिकतात त्या संघटना, जिथे दोन्ही समाजांची माणसं एका कामासाठी एकत्र बसलेली असतात : व्यापाऱ्यांच्या, कामगारांच्या, वकिलांच्या. याचं जवळचं उदाहरण भिवंडीचं. १९७० आणि १९८४ च्या दंगलींनी बदनाम झालेल्या त्या गावात पोलीस अधिकारी सुरेश खोपडे यांनी १९८८ पासून मोहल्ला समित्या बांधल्या. त्यांत हिंदू-मुस्लिम एकत्र बसायचे आणि बोलायचे ते बहुतेक गटारीबद्दल, दिव्यांबद्दल, दारू पिऊन बायकोला मारणाऱ्या शेजाऱ्याबद्दल. डिसेंबर १९९२ आणि जानेवारी १९९३ मध्ये मुंबई जळत होती तेव्हा भिवंडी शांत राहिली. अफवा तिथेही आली असणार. पण खरं-खोटं विचारायला पलीकडच्या वस्तीतला माणूस नावानिशी ठाऊक होता.

समोरासमोरच्या बोलण्यात अजून जोर आहे, याचा एक पुरावा २०१६ मध्ये मिळाला. डेव्हिड ब्रूकमन आणि जोशुआ काला यांनी मायामीत घरोघरी जाणाऱ्या कार्यकर्त्यांचा अभ्यास केला. तृतीयपंथीयांबद्दलच्या पूर्वग्रहांवर दहाएक मिनिटं बोलायचं, भाषण द्यायचं नाही. समोरच्याला कधी वेगळं वागवलं गेलं होतं का, हे विचारायचं आणि ऐकून घ्यायचं. त्यातून पूर्वग्रह कमी झाला आणि तो फरक निदान तीन महिने टिकला. दहा मिनिटं ऐकून घेणं ग्रुपवर जमत नाही. वाळूजच्या कंपनीच्या बसमध्ये, जाधववाडीच्या बाजार समितीत, कोर्टाच्या कँटीनमध्ये अजून जमतं, कारण तिथे 'ते' शेजारच्या बाकावर असतात आणि उद्याही असणार असतात.

अशी जागा शहराने स्वतःहून बनवायची तर त्यासाठी नव्या कल्पनेची गरज नाही. महाराष्ट्रातल्या महापालिका कायद्यात २००९ पासून 'क्षेत्रसभे'ची तरतूद आहे. ठरावीक मतदान केंद्रांच्या परिसरातले सगळे मतदार तिचे सदस्य, आणि आपल्या भागातल्या पाण्यावर, कचऱ्यावर, रस्त्यावर नगरसेवकासमोर बसून बोलायचा त्यांना हक्क. राज्यात ही सभा जवळपास कुठेच भरवली जात नाही. कोणालाच ती परवडत नाही. तिथे 'ते' आणि 'आम्ही' एकाच नळाबद्दल बोलायला लागतील. २०२० मध्ये १,६८० कोटींची म्हणून सुरू झालेली, पुढे २,७४० कोटींवर गेलेली पाणी योजना कुठवर आली, हे तिथे विचारलं जाईल.

उद्या मतदान केंद्रावरच्या रांगेत तुमच्या पुढे-मागे जी माणसं उभी असतील, ती कायद्याने तुमच्याच क्षेत्रसभेची सदस्य आहेत. त्यांतल्या काहींची आडनावं तुम्हाला आवडणार नाहीत, आणि काहींना तुमचं. मत कोणालाही द्या. परवा जे निवडून येतील त्यांच्याकडे पहिली मागणी ही करा : तीन महिन्यांत क्षेत्रसभा बोलवा, आणि तिची तारीख लेखी द्या.